चारित्र्याचा दाखला आणि सचोटीची घडी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभागृहात झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



रौप्यमहोत्सवाच्या भाषणात वक्त्याने जुन्या आठवणी काढाव्यात, लिफ्ट नव्हती तेव्हाचे दिवस सांगावेत, असा रिवाज आहे. ते काम माझ्यापेक्षा चांगलं करणारे तीन वक्ते या मालेत आहेत. समितीने मला विषय दिला, ‘सोसायटीतील कर्मचारी : पोलीस पडताळणी आणि प्रामाणिकपणा’. मी बँकेत सदतीस वर्षं काढली, म्हणून मला अविश्वासातलं काही कळतं अशी समितीची समजूत असावी. ती अगदीच चुकीची नाही!

या विषयाला एक निमित्तही आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर एक ठराव आहे, तो आपण सर्वांनी वाचला असेल. ‘ज्या व्यक्तीवर कधीही कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला असेल, अशा कोणत्याही व्यक्तीस संस्थेच्या आवारात कामास ठेवू नये.’ ठराव मांडणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. आपल्याकडे एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांची घरं किती झाली आहेत, ते आपण पाहतोच. मुलं पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेत. दुपारी दार उघडणारा माणूस सत्तरीतला आणि बेल वाजवणारा अनोळखी. भीती वाटणं साहजिक आहे. पण ठरावातल्या ‘कधीही’ आणि ‘कोणत्याही’ या दोन शब्दांपाशी मी अडखळलो, आणि त्यावरच आज बोलणार आहे.

आधी पडताळणी म्हणजे काय ते पाहू. आपण माणसाचं नाव, फोटो, ओळखपत्र, सध्याचा आणि गावचा पत्ता लिहून पोलीस ठाण्यात देतो. पोलीस आपल्या दप्तरी या माणसाची काही नोंद आहे का, ते पाहतात. म्हणजे हा दाखला फक्त एवढंच सांगतो की, अमुक तारखेपर्यंत या नावावर अमुक नोंद सापडली किंवा सापडली नाही. पकडला न गेलेला चोर दाखल्यात स्वच्छच असतो. आणि उद्या ज्याची नियत बिघडणार आहे, त्याच्याबद्दल दाखला आज काय सांगणार?

मग पडताळणी करायचीच नाही का? तसं मी अजिबात म्हणत नाही. करायचीच. त्याचा मोठा फायदा दाखल्यात नाही, फॉर्म भरण्यात आहे. ज्याला नाव बदलून यायचं आहे तो फॉर्म बघूनच दुसऱ्या दिवशी येत नाही. काही घडलंच तर पोलिसांच्या हाती फोटो आणि गावचा पत्ता असतो. ‘शांताबाई, राहायला तिकडे स्टेशनच्या पलीकडे कुठेतरी’ एवढ्या माहितीवर तपास होत नाही.

सुरक्षारक्षकांच्या बाबतीत तर कायदाच आहे. खासगी सुरक्षा संस्थांचं नियमन करणारा केंद्राचा २००५ चा कायदा सांगतो की, परवाना असल्याशिवाय अशी एजन्सी चालवता येत नाही, रक्षकाचं चारित्र्य आणि पूर्वेतिहास यांची खात्री करून घेतली पाहिजे, त्याला प्रशिक्षण दिलं पाहिजे. न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाला रक्षक म्हणून ठेवता येत नाही. शब्द नीट ऐका, ‘दोषी ठरवलेल्या’. ‘गुन्हा दाखल झालेल्या’ असं नाही. आपला ठराव कायद्याच्याही दोन पावलं पुढे गेला आहे, आणि ती दोन पावलं कुणाच्या पायावर पडतात ते बघायला हवं.

गुन्हा दाखल होणं ही पहिली पायरी. त्यानंतर तपास, मग आरोपपत्र, मग खटला, आणि शेवटी शिक्षा किंवा निर्दोष सुटका. पहिल्या पायरीवर कोण कोण असतं? आपल्यापैकी बहुतेकांची मुळं गावाकडे आहेत. बांधावरून भांडण झालं की फिर्यादीत घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं घातली जातात, हे काय मी सांगायला हवं? त्या वेळी मुंबईत नोकरीला असलेल्या भावाचंही नाव त्यात असतं. पुढे आठ-दहा वर्षं तारखा पडतात आणि सगळे सुटतात.

माझ्या एका मित्राच्या सोसायटीत असंच झालं. रक्षकाच्या पडताळणीत नोंद निघाली. समितीने एजन्सीला फोन केला, ‘हा माणूस उद्यापासून नको.’ नोंद कसली, ती केव्हाची, पुढे काय झालं, कुणी विचारलं नाही. त्यालाही विचारलं नाही. माझ्या मित्राने नंतर कागद पाहिला, तर प्रकरण बांधाच्या मारामारीचं, आणि न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलेलं. तोपर्यंत सहा वर्षं गेटवर उभा राहिलेला तो माणूस निघून गेला होता. मुलगी दहावीला होती. सोसायटीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो मात्र अजून आहे.

आपल्या आवारात पहारा, सफाई, बाग, लिफ्ट, घरकाम, गाडी चालवणं, गाड्या धुणं अशा कामांसाठी रोज किती माणसं येतात ते गेटवरच्या वहीत बघा. हा ठराव जसाच्या तसा मंजूर झाला, तर यातल्या काहींची रोजीरोटी एका ओळीने जाईल. कोणाची, ते मला माहीत नाही आणि ठराव मांडणाऱ्यांनाही माहीत नाही. मला काळजी वाटते ती त्याचीच.

सरकारी नोकरीतही हा प्रश्न वारंवार न्यायालयात गेला आहे. २०११ साली दिल्ली पोलिसांतल्या एका उमेदवाराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे होतं. तरुणपणी मारामारीचा खटला झाला होता, तो तडजोडीने मिटला होता, आणि अर्जात त्याने तो लिहिला नव्हता. न्यायालयाने तरुण वयातल्या अशा चुकीकडे क्षमेने पाहावं असं म्हटलं आणि व्हिक्टर ह्युगोच्या कादंबरीतल्या ज्याँ वालज्याँची आठवण काढली. पाव चोरल्याबद्दल ज्याच्यावर जन्माचा शिक्का बसला, तो हा नायक. पुढे २०१६ साली अवतार सिंग यांच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी या विषयाचे नियमच सांगितले. त्यांचा सारांश असा, की उमेदवाराने माहिती खरी द्यावी, लपवू नये. पण गुन्हा किती गंभीर, निकाल काय लागला, काम कोणतं, हे सगळं पाहून मालकाने विचारपूर्वक निर्णय घ्यावा. किरकोळ प्रकरण असेल तर दुर्लक्षही करता येतं. दुसऱ्या बाजूने, माहिती खरी दिली म्हणून नोकरी दिलीच पाहिजे असंही नाही. म्हणजे निर्णय मालकाचाच, पण डोळे झाकून घ्यायचा नाही.

बालगुन्हेगारांच्या बाबतीत कायदा आणखी पुढे जातो. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार, काही अतिगंभीर प्रकरणं सोडली, तर लहानपणीच्या गुन्ह्यामुळे पुढच्या आयुष्यात अपात्रता येत नाही आणि ती नोंदही ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायची असते. आपला ‘कधीही’ हा शब्द त्या नष्ट करायच्या नोंदीलाही उकरू बघतो.

‘नोंद म्हणजे चोर’ या विचाराचा आपल्याकडे एक जुना, कडवट इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी अशा जमातींत जो जन्मला तो जन्मतःच गुन्हेगार. पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआडची वसाहत होती. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. तेव्हापासून या जमातींना विमुक्त म्हणतात. कायदा गेला, पण आडनाव ऐकून भुवई उंचावण्याची आपली सवय गेली का, हे ज्याचं त्याने स्वतःला विचारावं.

याच मातीत उलटा प्रयोगही झाला आहे. औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या काळात, १९३९ साली, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं गेलं. शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतीशिवाय राहत आणि शेती करत. त्याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, त्याची कथा आपल्या गदिमांची. मी काही आपल्याला खुनी कैद्यांना गेटवर उभं करायला सांगत नाही, घाबरू नका! पण माणूस बदलतो हे ज्या महाराष्ट्राने करून पाहिलं, तिथे आपला ठराव निदान निकालाचा कागद वाचण्याइतका तरी उदार असावा.

आता माझ्या धंद्यातलं थोडं सांगतो. बँकेत लागणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी होते. म्हणजे बँकेत ज्यांनी ज्यांनी अफरातफर केली, त्यातला जवळजवळ प्रत्येक जण दाखला स्वच्छ असलेलाच होता.

एका तालुक्याच्या शाखेत मी नवीन बदलून गेलो होतो. खातेवह्या हाताने लिहिण्याचा तो काळ. तिथला बचत काउंटरवरचा एक कारकून म्हणजे शाखेचं भूषण. कधी रजा नाही, सकाळी सर्वांत आधी हजर, म्हाताऱ्या ग्राहकांची स्लिप स्वतः भरून द्यायचा. लोक म्हणायचे, देवमाणूस. त्याला कावीळ झाली आणि नाइलाजाने तीन आठवडे घरी बसावं लागलं. त्याच्या जागी दुसरा बसला. चौथ्या दिवशी एक पेन्शनर आजी पासबुक घेऊन आल्या. पासबुकात शिल्लक एक, लेजरमध्ये दुसरी. पुढे एकामागून एक अशी अकरा पासबुकं निघाली. पासबुकात नोंद, शिक्का, सही सगळं व्यवस्थित, फक्त पैसे आणि स्लिप काउंटरवरून पुढे गेलेच नव्हते. रजा का घेत नव्हता ते तेव्हा उमजलं. मुलीच्या लग्नाचं कर्ज होतं आणि ‘पुढच्या बोनसला भरून टाकीन’ असं तो स्वतःला तीन वर्षं सांगत होता.

डोनाल्ड क्रेसी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने नेमकं हेच १९५३ साली पुस्तकात मांडलं. मालकाचे पैसे खाऊन तुरुंगात गेलेल्या लोकांशी तो जाऊन बोलला. त्याला तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. एक, कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण. दोन, हाताशी असलेली संधी. आणि तीन, ‘मी चोरत नाही, उसने घेतोय’ अशी मनाची समजूत. यातली एकही गोष्ट पोलिसांच्या दाखल्यात दिसत नाही, बरं का.

म्हणून बँक माणसावर विश्वास ठेवते आणि तरी पद्धत सोडत नाही. स्ट्राँग रूमला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. व्हाउचर एकाने बनवायचं, दुसऱ्याने तपासायचं. ठरावीक काळाने टेबल बदलायचं. आणि नाजूक जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान दहा कामकाजाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवायचं, हा तर रिझर्व्ह बँकेचाच दंडक आहे. कावीळ होण्याची वाट बघायची नाही! यात कुणाचा अपमान नाही. दुसरी किल्ली माझ्याकडे होती, याचा माझ्या हेड कॅशियरला कधी राग आला नाही. उलट काही कमी-जास्त झालं तर तीच किल्ली त्याची साक्षीदार होती.

पडताळणी आणि पद्धत, दोन्ही सोडलं की काय होतं त्याचं उदाहरण जगप्रसिद्ध आहे. लंडनची बेअरिंग्ज बँक १७६२ सालची. निक लीसन या तिच्या कर्मचाऱ्याने लंडनमध्ये परवान्याच्या अर्जात आपल्यावरचा एका थकीत कर्जाचा न्यायालयीन निकाल लिहिला नव्हता. ते उघडकीस आलं, अर्ज मागे घेतला गेला. तरीही त्याला सिंगापूरला पाठवलं, आणि तिथे सौदे करणं आणि त्या सौद्यांचा हिशेब ठेवणं, दोन्ही कामं त्याच्याच हाती दिली. ८८८८८ क्रमांकाच्या एका खात्यात तो तोटा लपवत गेला. फेब्रुवारी १९९५ मध्ये तोटा ऐंशी कोटी पौंडांच्या वर निघाला आणि सव्वादोनशे वर्षांची बँक एका डच कंपनीला एक पौंडाला विकली गेली. पडताळणीने आपलं काम केलं होतं, कागद कुणी मनावर घेतला नाही. आणि दोन किल्ल्या एकाच खिशात होत्या.

आता जरा आपल्या ऑफिसकडे वळू. आपण तपासतो कोणाला? झाडू मारणाऱ्याला, भांडी घासणारीला. पण सोसायटीचा देखभाल निधी, सिंकिंग फंड, मुदत ठेवी, रंगकामाचं कंत्राट यांच्याजवळ त्या बाई कधी जातात का? नाही. ते सगळं असतं आपल्यासारख्या स्वच्छ दाखल्यांच्या लोकांकडे. आपली समिती प्रामाणिक आहे हे मी या व्यासपीठावरून सांगतो, आणि म्हणूनच मोकळेपणाने पुढचं बोलतो.

कोऱ्या चेकवर आगाऊ सही करून ठेवू नये, मग सही करणारा गावाला जाणार असला तरी. ऑनलाइन बँकिंगमध्ये रक्कम भरणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा असावा, आणि ओटीपी फोनवरून कुणाला सांगू नये. दर महिन्याला बँकेच्या विवरणाशी वही जुळवून तो कागद नोटीस बोर्डावर लावावा. मुदत ठेवींच्या पावत्या वर्षातून दोनदा, खजिनदार सोडून इतर दोघांनी डोळ्यांनी पाहाव्यात. किरकोळ खर्चाची रोकड कधीतरी अचानक मोजावी. मॅनेजरला वर्षातून एकदा पंधरा दिवस हक्काची रजा द्यावी आणि त्याचं काम दुसऱ्याने करावं. लेखापरीक्षण कायद्याने होतंच, पण लेखापरीक्षक वर्षातून एकदा येतो, मोह रोज येतो.

क्रेसीची पहिली गोष्ट आठवा, कुणाला सांगता न येणारी अडचण. ती काही अंशी आपल्या हातात आहे. बारा तास उभ्या राहणाऱ्या रक्षकाचा पगार एजन्सी वेळेवर आणि पूर्ण देते का, हे आपण कधी विचारलंय? आपण एजन्सीला किती देतो आणि त्याच्या हातात किती पडतात, हा कागद मागायचा आपल्याला अधिकार आहे. घरकाम करणाऱ्या बाईला मुलाच्या फीसाठी पाच हजार हवे असतील, तर ते तिने मोकळेपणाने मागावेत इतपत आपला आणि तिचा संबंध असावा. सावकाराच्या दारात उभं राहण्याची वेळ तिच्यावर येऊ देऊ नये. हा दानधर्म म्हणून सांगत नाही. आपल्या घराच्या सुरक्षेचाच तो भाग आहे.

आणि वस्तू हरवलीच तर? बँकेत मी लॉकरचं काम पाहिलं आहे. ‘बाईने कानातले चोरले’ असं सांगत लॉकर उघडायला आलेल्या आणि कानातले लॉकरमध्येच पाहून गप्प उभ्या राहिलेल्या ग्राहक मी एकापेक्षा जास्त पाहिल्या आहेत. त्यातल्या किती जणींनी घरी जाऊन त्या बाईची माफी मागितली असेल, देव जाणे. म्हणून आधी कपाट, मग लॉकर, मग संशय. संशय पक्का वाटला तर सरळ पोलिसांत तक्रार द्यावी. नोकराने केलेल्या चोरीला कायद्यात वेगळं कलम आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण आपण होऊन कुणाला खोलीत कोंडणं, पिशव्या उलट्या करणं, अंगाची झडती घेणं, हे करू नये. कोंडून ठेवणं हा स्वतःच गुन्हा आहे. चोरी सिद्ध होवो न होवो, आपला गुन्हा मात्र साक्षीदारांसमोर घडलेला असतो.

आता ठरावाकडे येतो. तो फेटाळावा असं माझं म्हणणं नाही, बदलावा असं आहे. माझी दुरुस्ती अशी.

पहिलं, आवारात नियमित काम करणाऱ्या प्रत्येकाची पडताळणी सक्तीची. फॉर्म सोसायटीच्या ऑफिसने भरून द्यावा, पोच जपून ठेवावी, आणि येणारा खर्च सोसायटीने करावा. एजन्सीकडून परवान्याची प्रत आणि प्रत्येक रक्षकाचे कागद आधी घ्यावेत. बदली रक्षक आला तरी तोच नियम.

दुसरं, नोंद निघाली तर तीन सभासदांची उपसमिती बसावी, त्यात एक महिला असावी. गुन्हा कोणता, केव्हाचा, निकाल काय, आणि इथलं काम कोणतं, या चार गोष्टी पाहाव्यात. त्या माणसाला बोलावून, खुर्चीत बसवून, त्याचं म्हणणं ऐकावं. दोषी ठरलेल्याला रक्षक म्हणून ठेवता येणार नाहीच, तिथे कायदा स्पष्ट आहे. बायका-मुलांवरचे अत्याचार, चोरी, घरफोडी यांत शिक्षा झाली असेल तर कोणत्याच कामावर नको, याबद्दल दुमत नसावं. निर्दोष सुटलेल्याला मात्र केवळ जुन्या फिर्यादीसाठी काढू नये.

तिसरं, हे कागद कुलपात राहावेत. त्यांचा फोटो ग्रुपवर जाऊ नये. कुणाचंही मूळ आधार कार्ड आपण ठेवून घेऊ नये, पाहून परत द्यावं.

चौथं, पैशाच्या व्यवहाराचे जे नियम मघाशी सांगितले, ते याच ठरावात जोडावेत. म्हणजे गेटवरच्या माणसाला जो नियम, तोच ऑफिसातल्या आणि व्यासपीठावरच्या माणसाला.

बंधू-भगिनींनो, पंचवीस वर्षांत आपण भिंती दोनदा रंगवल्या, गेटवर कॅमेरे बसवले, पाण्याची टाकी वाढवली. हा ठराव मंजूर करायला एक पैसाही लागत नाही. रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं, तर सर्वांत आधी गेटवरचाच माणूस धावत येणार आहे, रिक्षा तोच थांबवणार आहे. त्याची पडताळणी आपण नीट करू, आणि त्याला वागवूही नीट. सर्वसाधारण सभेला सगळ्यांनी यावं, नुसतं प्रॉक्सीच्या आणि चहाच्या गप्पांत विषय संपवू नये, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.